पाठीवरचा ठिपका

उमिओ, डिसेंबर. दुपारी दोनलाच
खिडक्या काळ्या होतात.
तेस्फालेम अंधारखोलीत शिरतो,
दारामागचा जाड पडदा चाचपतो.
गुनवोरनं निवृत्तीआधी शिवलेला,
टाके अजून सरळ.

फळीवर हिरव्या दिव्याखालची बाटली
आठवड्यात विटकरी झालीय.
पेशीतल्या प्रथिनाच्या मुठीत रंगाची साखळी असते;
तांबडा किरण लागला की तिची एकच कडी कूस पालटते,
हिरवा लागला की परत पहिल्या कुशीवर.
तेवढ्यावरून ठरतं, अंगात कोणता रंग भरायचा.
गुनवोर म्हणायची,
"मिळेल तो उजेड जेवतात,
आणि ताटात टाकलेला तुला दाखवतात."

काचेवर आज दुसरी जात.
गोल जीव, हजार ओळीनं मांडले तर एक मोहरी.
डोळा नाही. मान नाही वळवायला.
तो डावीकडून दिवा लावतो.
एकेक जीव स्वतःच भिंग होतो,
आणि उजेडाचा टोकदार ठिपका पडतो
त्याच्याच उजव्या कडेला, आतून.
त्या ठिपक्याला पाठ करून
जीव खुरडत निघतो.
म्हणजे दिव्याकडेच.

खिशात फोन थरथरतो.
स्क्रीनचा उजेड इथं चालत नाही,
तो वरून तळवा दाबून धरतो,
वहीत चाचपडत लिहितो: दोन चाळीस. निघाले.

नंतर कॉरिडॉरमध्ये, केरेनहून आई:
गोधड्या वाळत घातल्यात, ऊन नुसतं भाजतंय.
तुझ्याकडं दिसला का रे सूर्य?

तो खिडकीशी जातो. काचेत त्याचाच चेहरा.
"पाठीमागं आहे," म्हणतो,
आणि आई विचारते, कुणाच्या?