सात परसांवर हिरवं

साक्रीकडचा माळ. सुरुंगाचा धूर निवल्यावर
उखर्डू विहिरीत उतरला
आणि यारीच्या दोराला तीन झटके दिले.
डबरासोबत स्वतःही वर आला, बगलेत एक दगड,
हिरवट, कळकलेल्या पितळी वाटीसारखा.

फोडला. काळ्या पोटात पोकळी,
पोकळीला गारगोटीचे दात,
दातांत अडकलेलं नखाएवढं लाल पान.
"हाई काय शे, गुरुजी?"

तांबं, म्हटलं.
लाव्हा थिजला तेव्हा वाफ आत कोंडली,
तिच्या खोल्या तशाच राहिल्या, बिनभाड्याच्या.
मग कढत पाणी आलं भेगाभेगांतून,
खडकातलं कणकण तांबं चाटत,
आणि जिथं निवलं, तिथं ओझं उतरवून गेलं.
हिरवं मात्र झिरप्याचं काम. अलीकडचं.
अलीकडचं म्हणजे, काही हजार वर्षांचं.

"खान व्हई का आठे?"
छे. सगळा माळ उकरला
तरी एक पळी होणार नाही.

त्यानं पान जिभेला लावलं, थुंकला.
विडीच्या बंडलात सरकवलं, मला नाही दिलं.
"म्हंजे पानीनी वाट आठेच शे."

आणि खाली जाऊन पुढच्या सुरुंगाचं भोक
त्यानं हिरव्याच्या बरोबर मधोमध धरलं.