एका अक्षराचं बिल

चिचबोडीच्या पारीवर मालगुजार उभा आहे,
सिमेंटचा, फेटा बांधलेला,
उजवा हात तलावाकडे केलेला,
जसं पाणी आत्ताच त्यानं हाक मारून बोलावलं.
दरसाल पंधरा ऑगस्टच्या आधी मी त्याला सोनेरी मारतो.
नाकाचा शेंडा दोनदा बसवला,
पोरांच्या चेंडूनं उडालेला.
मिशांना काळा वेगळा लागतो, पाव डबा,
त्याचे पैसे पंचायत कधीच देत नाही.

खाली पाटीवर माझ्या बापाच्या हातची अक्षरं :
हा तलाव हरबाजी पाटलांनी बांधला.
दाट अक्षरं, एकमेकांना खेटून,
बाजारच्या दिवशी बंडीत बसलेल्या माणसांसारखी.

एक मेच्या ग्रामसभेत सुगत रंगारी उठला.
म्हणाला, एकट्यानं? एवढी पार?
मातीचं एक टोपलं तरी उचललं होतं का त्यानं?
सभा गप्प. मग सगळे एकदम.
कोणी म्हणे पाडा,
कोणी म्हणे हात तर लावून दाखव.
बुधराम उईके म्हणाला,
आमच्या आज्याले बेगारीत धरलं जी,
पार फुटली त्या राती मानसं आडवी निजवली भोकात,
पानी अडवाले.
निखारे मास्तरांनी चष्मा पुसला : याला पुरावा?
बुधराम म्हणाला, मीच हाव ना जी पुरावा.

नागपूरहून पाटलांचे पणतू आले होते पांढऱ्या गाडीनं.
म्हणाले, इतिहास पुसू नका.
मैनाबाई मारबतेनं मासोळ्यांची टोपली खाली ठेवली.
पुसाले, तिनं विचारलं, लिवला कवा होता?

मग सरपंचबाई म्हणाल्या, खोदणाऱ्यांचा दगड लावू शेजारी.
सांगा नावं.
मोजून सात निघाली.
त्यातली दोन एकाच माणसाची,
आणि एक बैलाचं.

वीज गेली, आली, पुन्हा गेली.
तीन तासांनी ठराव झाला :
पुतळा राहील,
पण ‘बांधला’चं ‘बांधवला’ करावं.
एक व.
टाळ्या पडल्या. रागावलेल्यांनीही वाजवल्या,
भूक लागली होती सगळ्यांना.

ग्रामसेवक म्हणाला, कोटेशन दे.
एका अक्षराचं?
नियम आहे, म्हणाला, तिघांचं लागतं.
पंचक्रोशीत पेंटर मी एकटाच,
म्हणून तीन वेगवेगळ्या सह्या मीच केल्या.

पाटीसमोर उकिडवा बसलो सकाळी, ऊन चढायच्या आत.
ध आणि ला यांच्यात करंगळीएवढीही जागा नाही.
बापानं सोडली नव्हती,
सोड म्हणून त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.
किती बारीक काढू?
तीनशे माणसं, का चारशे,
बाया, पाठीला बांधलेली लेकरं,
पारीवरच्या चुली, फुटलेली टोपली,
एवढी सगळी एका अक्षरात बसवायची.
व ला पोट असतं, एवढंच बरं.

शेवटी ला खरवडून काढला, पुढे सरकवला.
आता तो धक्का लागल्यासारखा दिसतो,
ओळ जरा वाकडी झाली.
मास्तर म्हणाले, शोभत नाही.
मी ब्रश धूत राहिलो.

डब्यात दोन बोटं रंग उरला.
तलाव पार खाली गेलेला,
तुडुमाचा तळचा दगड उघडा पडला होता, शेवाळानं काळा.
संध्याकाळी एकटाच उतरलो.
घासून लिहिलं : भादू. सोमा. बकी.
बकी बाई होती की काय, कोणाला सांगता आलं नव्हतं.
मग बैलाचंही लिहिलं, पवळ्या.
जागा होती. अजूनही आहे.

आषाढात पाणी चढलं त्यावर.
ऑइलपेंट पाण्याखाली दोन वर्षं टिकतो,
फार तर तीन.
हे बिलात धरलेलं नाही.