गाठींची बाजू

शिडी मांडववाल्या राठोडांची, रात्री नऊच्या आत परत द्यायची.
खाली शालोम दोन्ही हातांनी धरून,
वर मी, दातांत सुतळी.

भंगारातल्या सायकलच्या रिमांवर
सरूच्या फांद्या वळल्यात सुवार्तावहिनीने.
लाल फीत सियागंजातली,
एका जागी उसवलेली; ती बाजू आत.

खिळा ठोकला तशी चुन्याची खपली
सरळ डोळ्यात.
"डावीकडे घ्या," रस्त्यापलीकडून कुणीतरी.
मग दूधवाला थांबला, "नाही भिया, होतं तेच बरं होतं."
कसला सण, हे दोघांनीही विचारलं नाही.

तीन खिडक्या झाल्या. चौथी
बाबांच्या खोलीची.
ते अंथरुणातून बघतात:
काचेला टेकलेली तार, गाठी,
रिमेवरचा गंज, उसवलेली फीत.
पुढची बाजू त्यांना दिसायची नाही.

"कसं दिसतंय बाहेरून?"
सांगायला लागलो, तर
मध्येच म्हणाले,
"गाठ पक्की बसलीय. नाताळभर पडत नाही आता."

शिडी खांद्यावर टाकून निघालो.
कोपऱ्यावरून वळून पाहिलं:
इंदूरच्या थंडीत
चार हिरवी वर्तुळं,
एक जरा डावीकडे.