देव पाण्यात

मुलाला ताप चढला तेव्हा पहिल्यांदा
मी देव पाण्यात ठेवले.
पितळेच्या कोपरात पाच टाक, वर विहिरीचं पाणी.
म्हटलं, तुमचाही जीव जरा गुदमरू द्या.
तिसऱ्या दिवशी पोरगं पेज मागू लागलं.
देव काढले, पुसले, हळद लावली.
हिशेब मिटला.

तेरा वर्षांनी नवऱ्यासाठी ठेवले.
तो भंडाऱ्याच्या दवाखान्यात अकरा दिवस,
घरी देव अकरा दिवस.
बाराव्या दिवशी टेम्पो दारात आला
आणि देव काढायचं कुणाला सुचलंच नाही.

दुर्पतानं काढले. माझी जाऊ.
तेरवी झाल्यावर माझं लक्ष गेलं:
देव्हाऱ्यात कोरडे, ओळीनं बसलेले,
घरात निजलेल्याला उठवू नका
असं कुणी दटावल्यासारखे.

एका चुलीवर आम्ही एकवीस वर्षं.
मिठावरून भांडलो, सुकल्या झिंग्यांवरून भांडलो,
तिच्या मुलीला मी पाजलं, ते कधी मोजलं नाही.

मग धरणाची भिंत उठली.
शाळेच्या ओट्यावर स्टीलचा डबा,
त्यात घरांच्या चिठ्ठ्या,
आणि काढायला पहिलीतलं एक पोर.
दुर्पताचा प्लॉट नदीच्या त्या अंगाला, माझा या.
मधे दोन एसट्या आणि अर्धा दिवस.
सगळे म्हणाले, देवाची मर्जी.
मी त्या पोराची बोटं बघत होते.
देवाचा हात इतका चिकट नसतो,
त्यानं नुकतीच चिंच खाल्ली होती.

सामान भरताना दुर्पता म्हणाली,
'पाटा तू ने, वरोंटा मी नेतो.'
'येड लागलं का? येक्याबिगर दुसरा कोन्या कामाचा?'
'म्हणूनच,' म्हणाली,
आणि वरवंटा लुगड्यात गुंडाळून
पोरासारखा काखेत घेतला.

मातामाय तेवढी हलली नाही.
मोहाखालचा धोंडा. दोन पहारी वाकल्या.
ट्रॅक्टरवाला म्हणाला, राहू द्या,
तिकडे टाइल्सच्या देवळात नवी मूर्ती बसली आहे.
पाणी आलं. आधी पायरी, मग शेंदूर,
मग मोहाची खालची फांदी.

त्या रात्री नव्या घरात, पत्र्याखाली, झोप येईना.
मनात आलं,
या वेळी मी कुणाला पाण्यात ठेवलं नाही.
ती आपणहून राहिली.
आणि तिच्याकडे काय मागायचं
ते मला आठवेना.

मे महिन्यात पाणी उतरतं.
धोंडा वर येतो, गाळानं माखलेला,
कडेला शिंपल्या चिकटलेल्या, शेंदराचा मागमूस नाही.
त्या काठानं दुर्पता येते, या काठानं मी.
दोघी मिळून माय धुतो.
गेल्या वर्षी जवसाची चटणी आणली होती तिनं.
'कायवर वाटली व, पाट्याबिगर?'
'मिक्सरवर,' म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून
इतकी हसली, इतकी हसली
की शेवटी मला तिचे डोळे पुसावे लागले.

या वर्षी पाणी उतरलंच नाही.
कालव्याचं काम आहे म्हणे, दरवाजे बंद.
दुर्पताचा गुडघा सुजलाय, मुलीनं फोनवर सांगितलं.
तरी आले. उन्हात पलीकडचा काठ
हलत होता, असल्यासारखा, नसल्यासारखा.
कोपरापर्यंत हात घातला.
वरचं पाणी तापलेलं, खाली गार.

आहेस ना, असं विचारणार होते.
नाही विचारलं.
बारा दिवस मी ज्यांना विसरले
त्यांनी मला विचारलं होतं का?

म्हटलं, माय, राहा. घाई नाही.
मी येईन तुला काढायला.
नाही तर तू मला काढ.
जिला आधी सुचेल तिनं.