पोचा

तांबट आळीत बोलणं
दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत बसवावं लागे.
दादांचं एक वाक्य पुरं व्हायला अर्धी घागर लागायची.
"ठोकलेलं तांबं हट्टाला पेटतं.
मग लालबुंद तापवायचं, चिंचेनं धुवायचं.
विसरतं बिचारं."
काय विसरतं, ते ठोक्याखाली गेलं.

तेवढ्यावर मी चौतीस वर्षं काढली.

अणूंच्या शिस्तीत उभ्या रांगा,
त्यांत मध्येच घुसलेली एक जास्तीची,
निम्म्यावर येऊन संपलेली:
पंगतीत आगंतुक बसावा
आणि त्याच्यापुढे पान नसावं.
ती सरकते म्हणून धातू वाकतो.
अशा फार झाल्या, एकमेकींत अडकल्या,
की वाकत नाही. एवढंच.
या 'एवढंच'वर मला डॉक्टरेट मिळाली.

पुढे तांब्याचीच, पण काळी टिकली,
शर्टाच्या गुंडीएवढी,
बेरियम, इट्रियम खलात घोटून भाजलेली.
गंगापूर रोडच्या कॉलेजात द्रव नायट्रोजन कुठला?
गांगुर्डे लुनावर पिंप बांधून
गुरांच्या दवाखान्यात जायचा.
रेतनाच्या नळ्या गार राहून उरेल ते आमचं.
"मॅडम, ह्यातून रेडकू निघालं
तर निबंधात माझं नाव टाका."

यंदा फेब्रुवारीत,
पिंपळगावकडे द्राक्षाच्या गाड्या लागलेल्या,
रेघ खाली आली आणि शून्यावर टेकली.
उणे चाळीसला. जिथे कुणाचीच टेकलेली नाही.
अकरा दिवस झोपले नाही.
आरशात बघून केस नीट केले, दोनदा.
बाराव्या दिवशी भिंगाखाली दिसलं:
मोजणाऱ्या दोन तारा थंडीनं आक्रसून
एकमेकींना चिकटत होत्या.
शून्य त्यांच्यातलं होतं. टिकलीचं नव्हतं.
धाडलेला निबंध परत मागवला.
एका ओळीचं पत्र, चार मसुदे.

दादांना ओरडून सांगितलं.
त्यांचे कान पन्नाशीतच घागरींनी नेलेले.
"पोचा कुठे आला?" एवढंच विचारलं.
मग टिकली मागितली,
उरलेल्या दाताला लावली,
नखानं वाजवली,
डोळे मिटून हाडातून ऐकली.
"कच्ची आहे. परत भट्टीत घाल."

किती अंशांना, ते बोलले नाहीत.
मेअखेर प्रयोगशाळेची चावी द्यायची आहे.
गांगुर्डेला म्हटलं,
उद्या जरा लवकर जा,
म्हशींच्या आधी नंबर लाव.