पूर्णांक अपेक्षित होता

बरका. रात्रीचे दोन दहा.
समुद्राचं गोडं पाणी करणाऱ्या कारखान्यात
पंपांची घरघर मला आता ऐकू येत नाही,
थांबली तरच येईल.

रेहान मुकादम श्रीवर्धनला परत गेला
तेव्हा माझ्या हवाली करून गेला
एक किल्ली, एक केटली,
आणि एकशे बारा ओळींची स्क्रिप्ट.
सगळ्यात वर त्याची टीप, मराठीत:
चालतंय. हात लावू नका.

ती दर दहा मिनिटांनी जागी होते आणि विचारते.
फाइल आहे का? डॅश एफ.
आहे, पण तिच्यात काही आहे का? डॅश एस.
मला वाचू देतील का? डॅश आर.
मागच्या फाइलीपेक्षा ताजी आहे का?
तहसीलच्या खिडकीतल्या कारकुनासारखी,
एका वेळी एकच प्रश्न, मान वर न करता.
कंसाच्या आत दोन्हीकडे बोटभर जागा सोडावी लागते,
नाहीतर ती ओळखच दाखवत नाही.
रिकामं नाव अवतरणात गुंडाळून द्यावं लागतं,
उघडं दिलं की अडखळते.
नऊ आणि दहा शब्द म्हणून तोलले
तर दहा हलका भरतो, त्याचा एक आधी येतो म्हणून;
आकडे तोलायचा काटा वेगळा.
हे सगळं मी पहिल्या आठवड्यात शिकले.
शून्य म्हणजे होय, हेही.
आमच्या गेवराईत शून्याला कोणी होय म्हटलं नव्हतं.

खमीस अल-बलुशी चहा घेऊन आला.
स्वतःच्या कपातला एक घोट घेतला, कप खाली ठेवला.
मुहंदिसा, म्हणाला, पाणी खारं आहे.

पडद्यावर सगळे दिवे हिरवे.
मी म्हटलं, हे तर ठीक म्हणतंय.
हे चहा पीत नाही, तो म्हणाला.

नोंदी उघडल्या.
तीन नंबरच्या टाकीचा सेन्सर
बाराच्या जरा आधी मेलेला.
तेव्हापासून आकडा खमीस हाताने भरतोय,
त्याच्या कळफलकावरून, त्याच्या अंकांत:
٦١٠
मर्यादा साडेचारशेची.
स्क्रिप्टने विचारलं होतं, हे साडेचारशेहून मोठं आहे का?
आणि कोणी न वाचणाऱ्या नोंदवहीत
चौदा वेळा पुटपुटली होती:
पूर्णांक अपेक्षित होता.

शून्य म्हणजे होय. एक म्हणजे नाही.
दोन म्हणजे, तुम्ही काय विचारलंत तेच कळलं नाही.
पण "जर"ला दारं दोनच.
शून्य नसेल ते सगळं "नाहीतर"मध्ये.
न कळलेलं "नाही"च्या रांगेत उभं राहिलं
आणि "नाही"चा दिवा हिरवा होता.

आकडा मी दिला होता, खमीस म्हणाला,
ओरडायचं काम तिचं.

आधी फोन करून टाकीची झडप बंद करवली.
मग, उगाच, स्वतःसाठी,
तोच आकडा माझ्या अंकांत घातला,
पाटी ओल्या फडक्याने पुसून पुसून
ज्यांच्यात मी सत्तावीसचा पाढा शिकले:
६१०
पूर्णांक अपेक्षित होता.

खमीस खांद्यावरून वाकून बघत होता.
हा तर चार, शेपूट लावलेला.
हा नऊ. आणि हे गोल, पाच.
चारशे पंचाण्णव?
नाही, म्हटलं, सहाशे दहा.
त्याने थोडा विचार केला.
कसाही वाच, जास्तच आहे.

मग एक अट वाढवली.
शून्य ते नऊ, तिच्या ओळखीचे, यांच्याशिवाय काही दिसलं
तर आधी लाल दिवा, प्रश्न नंतर.
तपासायला तिला सगळ्यांचे अंक दिले,
त्याचे, माझे, एक नुसती मोकळी जागा,
एक "माहीत नाही".
चारही वेळा दिवा लाल झाला.
खमीसने चारही वेळा मान डोलावली.

चहा ओतून टाकला. बाटलीतल्या पाण्याचा नवा ठेवला.
उकळेपर्यंत
मुकादमच्या टिपेखाली एक ओळ लिहिली:
हात लावला.