खळं

जळगावला रविवारी आम्ही एकोणचाळीस डॉक्टर.
पोटात भरीत-पुरी, खिशात कंपनीनं वाटलेलं पेन.
पेनावर त्याच गोळीचं नाव
जी जपून लिहा म्हणून व्याख्यान होतं.

डॉ. तस्लीम पिंजारी, माझ्या धाकटीच्या वयाची,
काचेच्या ताटलीचं चित्र दाखवत म्हणाली,
ही जंतूंची दाट पेरणी, मधे औषधाची टिकली.
टिकलीभोवती जंतू मेले, तिथं हे मोकळं वर्तुळ.
मागच्या रांगेतून मला ते
चंद्राला पडलेलं खळं दिसलं.

मग वर्षामागून वर्ष, ताटलीमागून ताटली.
खळं आकसत गेलं.
शेवटी नुसता चंद्र,
आणि जंतू त्याला भिडून उगवलेले
हरळीसारखे.

"काही प्रश्न?" तिनं विचारलं.
कुणीतरी चहाचं विचारलं.

मला सुपडूअण्णा आठवले.
लघवीचा रिपोर्ट टोपीत घडी घालून आणलेला.
अठरा औषधं, अठरांपुढं एकच अक्षर : आर.
"हाई काय शे, डाक्टर?"
मी म्हणालो, धुळ्याला दाखवून या.
धुळ्याहून टोपी मुलानं परत आणली.
त्या अठरांतली सात नावं
त्यांच्या ट्रंकेत अजून असतील, माझ्या अक्षरात :
सर्दीला, खोकल्याला,
एकदा तर लग्नाला जायचंय म्हणून.

सोमवारी पारोळ्यात पहिला नंबर रत्नाबाईचा.
"पोरगाले सर्दी शे. पावरनी गोयी द्या,
सकाय माले कापूस येचाले जानं शे."
कल्पेशचा घसा पाहिला, कान पाहिले, छाती ऐकली.
नऊ मिनिटं गेली. बाहेर बाक कुरकुरला.
त्याच पेनानं लिहिलं :
कोमट पाणी, मीठ, तापाचं औषध, गुरुवार.
तिनं कागद उलटून पाहिला.
"इतलंच?"
मी समजावत राहिलो.
माझी मायबोली माझ्याच तोंडात अडखळली.
तिचा बुडणारा रोज मला
कोणत्याच ताटलीत दाखवलेला नव्हता.

संध्याकाळी काबऱ्यांच्या मेडिकलवर गेलो, भांडायला.
फुलचंदशेठनं काही लपवलं नाही :
"दिल्या ना तीन गोळ्या, पट्टी कापून.
मी कुठं शिकलोय, साहेब?
एकतीस वर्षं तुमच्याच चिठ्ठ्या वाचतोय.
नाक वाहताना दिसलं
की हात आपोआप त्या कप्प्याकडं जातो."
काउंटरवर कात्री उघडी पडली होती.
मी माझ्या बीपीच्या गोळ्या घेऊन परतलो.

गुरुवारी कल्पेश आला नाही.
बरा झाला असेल. सर्दी पाचव्या दिवशी
तशीही आपल्या पायांनी जाते.
पण गुण कशाला आला म्हणून सांगतील
ते मला ठाऊक आहे.
ड्रॉवरमध्ये माझं प्रमाणपत्र : गुण दोन.

पुढचा पेशंट आत. खोकतोय.
"आ कर," म्हणालो, टॉर्च लावली.
लाल घशावर उजेडाचं गोल पडलं,
लहानसं,
हात स्थिर धरला तरच टिकणारं.